वडील हयात असल्यामुळे अडलेला अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष, शिक्षण मदत समिती,
आडखार जमात, मस्कत शाखा,
मुक्काम दार्सैत, मस्कत.

अर्जदार: मेहविश हुसैनमियाँ उंड्रे, वय १७ वर्षे १० महिने, राहणार वादी अदाई.

विषय: पॉलिटेक्निकच्या फीसाठी मदत मिळणेबाबत, आणि ती फॉर्मच्या कॉलम ९ मध्ये वडिलांची सही नसतानाही मिळणेबाबत.

संदर्भ: १) समितीचा छापील फॉर्म. २) बरकाच्या फार्मवर जमातीच्या जेवणाच्या दिवशी आपण मला दिलेलं तोंडी उत्तर: "बापाची सही आण, मग बघतो."

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की, मी आई, वडील आणि लहान भाऊ झैन यांच्यासोबत वरील पत्त्यावर राहते. दहावी पास आहे. अकरावी अर्ध्यात सोडली. रायगड जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मला मेकॅनिकलच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाला जागा मिळाली आहे. पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल मिळून एक लाख दहा हजार रुपये होतात. ४ जुलैपर्यंत फी भरली नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल, असं तिथल्या क्लार्कने फोनवर दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा ओरडून सांगितलं. मीही ओरडले. तो वेगळा विषय आहे.

२. अर्ज मराठीत पाहिजे, कारण कागद गावच्या ऑफिसात जातात, असं फॉर्मवर लिहिलंय. मी पाचवीपर्यंत आडखारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. त्यानंतरचं मराठी फक्त घरातलं आहे. त्यामुळे चार ओळी ऑफिसच्या आणि चार ओळी स्वयंपाकघरातल्या होतील, त्याबद्दल क्षमस्व.

३. शाळा का सोडली हे फॉर्ममध्ये विचारलंय आणि उत्तराला अर्धी ओळ दिलीय. अर्ध्या ओळीत बसत नाही. त्या वर्षी अब्बांनी फी दोन महिने उशिरा भरली. बाईंनी वर्गात फी राहिलेल्यांची नावं वाचली आणि आम्हाला बाहेर उभं केलं. आम्ही चौघं होतो. तिघं उभी राहिली. मी बाईंना म्हटलं की फी बापाने भरायची असते, मग उभं त्याला करा. आणि बॅग उचलून घरी चालत आले. तिसऱ्या दिवशी अब्बांनी फी भरली आणि म्हणाले, जा, माफी माग. मी गेले नाही. ते रोज सांगत राहिले, मी रोज गेले नाही, आणि वर्ष गेलं. चूक मान्य करते, पण अर्धी.

४. आता अब्बांचं म्हणणं असं: एकदा भरली, तू गेली नाहीस. आता परत भरतो, तू परत राग आला की उठून येशील. गॅरंटी काय? मी समितीपुढे खरं सांगते. एसीला वर्षाची गॅरंटी देता येते, मला माझी आठवड्याचीपण देता येत नाही. आई सकिना यांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्याकडे सोन्याच्या चार बांगड्या आहेत. त्या माझ्या लग्नासाठी आहेत असं त्या मी चौथीत असल्यापासून सांगतात. मी म्हटलं, त्या माझ्याच आहेत ना, मग मला आत्ता द्या. तर म्हणाल्या, तुझ्या आहेत पण तुझ्या लग्नाच्या आहेत. म्हणजे त्या माझ्या लग्नाच्या मालकीच्या आहेत आणि माझं लग्न माझ्यापेक्षा श्रीमंत आहे.

५. मेकॅनिकलच का, मुलीने दुसरं काही का नाही, हे आपण बरकाच्या जेवणात विचारलंत आणि बाजूच्या दोघांनी हसून घेतलं. त्याचं उत्तर आता देते. अब्बांचं वादी अदाईत एसी रिपेअरचं छोटं दुकान आहे, अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर. दिवसा बऱ्याच घरांत फक्त बायका असतात. नवरा ऑफिसात, आणि परका मेकॅनिक आत चालत नाही. असे फोन अब्बा आधी नाकारायचे. मी अकरा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात त्यांनी मला सोबत नेलं. ते दारात उभे राहिले, घराकडे पाठ करून. मी आत शिडीवर. ते बाहेरून सांगायचे: झाकणाची खालची दोन लॉक दाब, फिल्टर काढ, आता ट्रेमध्ये बोट घाल, पाणी साचलंय का सांग. मी झाकण काढून त्यांच्या हातात द्यायची. ते दारातच पुसायचे, आतल्या बाजूला जाड काळ्या मार्करने तारीख लिहायचे आणि परत द्यायचे. नाव नाही, सही नाही, फक्त तारीख. तारीख घातली म्हणजे काम त्यांचं, बिघडलं तर फुकटात येणार. मनासारखं झालं नाही तर तारीख घालत नाहीत. गच्चीवरच्या बाहेरच्या मशीनचं काम मात्र ते स्वतः करतात.

गेली साडेसहा वर्षं असंच चाललंय. पहिल्या वर्षी ते सगळं सांगायचे. मग अर्धं. गेल्या रमजानपासून काहीच सांगत नाहीत. फक्त उभे राहतात. एकदा आतून ब्लोअरचा, म्हणजे आतल्या पंख्याचा, आवाज ऐकून मीच म्हटलं, बेअरिंग गेलंय, तर म्हणाले, "मना म्हायत हाय." पण त्यांना माहीत नव्हतं. पाठीवरून कळतं.

(मी फॅमिली व्हिसावर आहे. ही नोकरी नाही. पगार नाही. वडिलांसोबत जाणं आहे. हा परिच्छेद समितीने 'आडखार मस्कत परिवार' ग्रुपवर टाकू नये, ही वेगळी नम्र विनंती.)

६. आपल्याच घरचं उदाहरण देते, राग मानू नये. दार्सैतच्या आपल्या बैठकीच्या खोलीतला एसी दोन उन्हाळे भिंतीवर पाणी गाळत होता. दोन मेकॅनिक येऊन गॅस भरून गेले. गॅसचा काही संबंध नव्हता. ड्रेनचा पाइप भिंतीत उलटा चढवला होता, पाणी वर कसं चढणार? हे मी शोधलं. आपण ऑफिसात होता. नंतर आपण मशिदीबाहेर अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, हुसैनमियाँ, तुझ्या हातात जादू आहे. जादू कोणाच्या हातात होती ते अब्बांनी सांगितलं नाही. मीपण नाही. घरात मी गेले होते हे आपल्या घरच्या दिलशादचाचींना माहीत आहे, त्यांनी मला रूहअफजा दिलं होतं. खात्री करावी.

७. मग सगळं येतंय तर कॉलेज कशाला, असं अब्बा म्हणतात. तुमच्याही मनात आलं असेल. मला काय करायचं ते येतं, का करायचं ते येत नाही. गॅस पाइपमधून फिरला की खोली गार का होते, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, होते. एवढंच. आता सगळीकडे इन्व्हर्टर एसी आलेत. त्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. बोर्ड गेला की अब्बा झाकण लावून देतात आणि म्हणतात कंपनीला फोन करा. या उन्हाळ्यात मी मोजलं नाही, पण जिथून अब्बा असे परत फिरले ती घरं मला दिसतात. त्या वेळी ते गाडीत रेडिओ लावत नाहीत. मला तो बोर्ड शिकायचाय. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला ते शिकवतात. दोन वर्षं थांबायची माझी तयारी आहे, आणि मी कशासाठीही दोन मिनिटं थांबत नाही हे आपण बरकाला बिर्याणीच्या लाइनीत पाहिलंत.

८. आता कॉलम ९. 'पालकांची सही व शिफारस. त्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही.' अब्बा फी देत नाहीत. तेवढंच असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण ते सहीपण देत नाहीत. आपल्या सेक्रेटरींनी चौकशीला फोन केला तेव्हा मी बाजूलाच होते. अब्बा म्हणाले, "माझी पोर मागनारी नाय," आणि ठेवला. म्हणजे स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्यालाही देऊ द्यायचं नाही. दर महिन्याला अब्बा समितीला वर्गणी देतात, कधी चुकवली नाही, यादीत नाव वरच असतं. त्याच वर्गणीतून गावची आफरीन नर्सिंग शिकते. आफरीनचा निकाल ग्रुपवर आला तेव्हा अब्बांनी तो अम्मीला दोनदा वाचून दाखवला. आफरीन हुशार आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण तिचा फॉर्म मी बघितला आहे. तिच्या कॉलम ९ मध्ये आपली सही आहे. कारण खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'वडील मयत असल्यास (यतीम) अध्यक्षांची सही ग्राह्य धरली जाईल.'

म्हणजे तिला बाप नाही म्हणून फी मिळाली आणि मला आहे म्हणून मिळत नाही. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. ज्याने केला त्याला नक्की वाटलं असणार की बाप आहे म्हणजे झालं.

९. तरी समितीने खालीलपैकी कोणतीही एक विनंती मान्य करावी:

(अ) कॉलम ९ मध्ये वडिलांऐवजी आईचा अंगठा चालावा. आईला सही येते, पण त्या म्हणतात की सही केली तर मी केली असं होईल, अंगठा कोणाचाही असू शकतो.

(ब) किंवा अब्बांनी आजपर्यंत दिलेल्या वर्गणीतून माझी फी द्यावी. त्यांचेच पैसे आहेत. ते मला देत नाहीत, समितीला देतात, समितीने मला द्यावेत. रस्ता लांबचा आहे पण पोचतो.

(क) किंवा अर्जदारास या कामापुरतं, म्हणजे जून ते पुढच्या मेपर्यंत, यतीम समजण्यात यावं. मे महिन्यात मी परत वडील असलेली होईन. तसं लेखी द्यायला तयार आहे. फॉर्मचा कॉलम ६ (वडील: हयात किंवा मयत, ते लिहावे) मी त्यासाठी कोरा ठेवला आहे. समितीला योग्य वाटेल ते तिथे भरावं.

१०. इथपर्यंतचं गेल्या गुरुवारी लिहून झालं होतं. पुढचं आज लिहिते आहे. मध्ये जे घडलं ते अर्जात येतं की नाही मला माहीत नाही, पण त्याशिवाय खाली जे मागितलंय ते कळणार नाही.

मी हा अर्ज आणि फॉर्म फ्रिजवर ठेवला होता. झैनपासून वाचवायला. अब्बा नववीपर्यंत मराठी शाळेत होते. त्यांनी वाचला. तीन दिवस काहीच बोलले नाहीत, आमच्या घरात तीन दिवस म्हणजे फार झाले. अम्मी दोघांना वेगवेगळं जेवायला वाढत होत्या.

सोमवारी अल् खुवैरला एका सुदानी बाईंच्या फ्लॅटवर काम होतं. बाई मुलांना घेऊन आतल्या खोलीत बसल्या. मी शिडीवर, अब्बा दारात, पाठ करून. मी झाकण काढलं, ब्लोअर सोडवला, आणि ते बाहेरून म्हणाले,

"यतीम लिवलंस?"

मी म्हटलं, कामापुरतं.

"बाप मेला आसं कामापुरतं लिवतात?"

मी म्हटलं, सही द्या, खोडते. मग मला राग आला आणि मी शिडीवरूनच सगळं बोलले. आफरीनची फी, झैनच्या इंजिनीअरिंगला बाजूला ठेवलेले पैसे, बांगड्या, शाळेत बाहेर उभं केल्याचं, सगळं. बाईंनी आतून डोकावून इंग्लिशमध्ये विचारलं, एसीचं काही मोठं बिघडलंय का. मी म्हटलं, नाही, छोटंच आहे. अब्बांनी मान वळवली नाही. बाहेर बघतच म्हणाले,

"आफरीन माझ्या शिडीवर नाय चढत. तू गेलीस का मना दारातनच परत यावं लागंल."

महोदय, माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं. शाळेत, घरात, बरकाच्या फार्मवर आपल्यालापण दिलं होतं. त्या दिवशी हातात ब्लोअर होता, त्याची काळी धूळ गळत होती, तो मी पुसला आणि परत बसवला. मला वाटत होतं इज्जतीमुळे सही देत नाहीत. इज्जत आहेच. पण तिच्या खाली हे होतं, आणि हे त्यांनी दाराबाहेर बघून सांगितलं, तोंडासमोर सांगितलं नसतं. मी आतून झाकण दिलं. त्यांनी पुसलं, तारीख घातली, परत दिलं. घरी येताना त्यांनी गाडीत रेडिओ लावला.

११. सदर अडचणीवर मी एक उपाय सुरू केला आहे तो समितीला कळवते. आई सकिना यांना मंगळवारपासून फिल्टर धुणं, ट्रे साफ करणं आणि पाइप फुंकणं शिकवते आहे. दिवसाच्या घरांत ऐंशी टक्के काम तेवढंच असतं. काल त्यांनी आमच्या घरचा एसी एकट्याने उघडला. बंद करता आला नाही. रात्रभर तो उघडाच चालला, झैनला मजा वाटली. चढायच्या आधी अम्मी म्हणाल्या, एवढं उंच मी चढणार नाही. मग म्हणाल्या, दुसऱ्या पायरीपर्यंत चढेन. बांगड्या काढून चढल्या, कारण अडकतात. बांगड्यांबद्दल अजून काही बोलल्या नाहीत, मीपण विचारलं नाही. विचारलं असतं तर परत भांडण झालं असतं आणि मला ते करायचं नव्हतं. हे माझ्यासाठी नवीन आहे.

तरीसुद्धा अम्मी त्या घरांत गेल्या नाहीत किंवा जमलं नाही तर अब्बा दारातूनच परत येतील, हे मला माहीत आहे. तरी मला जायचंय. दोन्ही खरं आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय आणि तरी लिहिते आहे.

१२. आज सकाळी फॉर्म फ्रिजवरून खाली घेतला. कॉलम ९ कोराच आहे. सही नाही, शिफारस नाही. पण कॉलम ६ मी कोरा ठेवला होता, तो आता कोरा नाही. तिथे जाड काळ्या मार्करने 'हयात' लिहिलं आहे. इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलंय आणि कॉलम १४ वाचता येत नाही. त्याच्या खाली तारीख आहे. आजची.

अब्बा दुकानात गेले होते, चहाचा कप सिंकमध्ये होता.

१३. सबब खालीलप्रमाणे अंतिम विनंती करते. परिच्छेद ९ मधल्या (अ), (ब), (क) तिन्ही मागण्या मागे घेते. खोडल्या नाहीत, कारण खोडल्या तर कॉलम ६ का भरला गेला ते समितीला कळणार नाही. माझे वडील हयात आहेत. त्यांनी सही केलेली नाही, तारीख घातली आहे. ते ज्या कामाची जबाबदारी घेतात त्यावरच तारीख घालतात, हे परिच्छेद ५ मध्ये मी आधीच लिहिलं आहे, म्हणजे आता फायद्यासाठी बनवून सांगत नाही. कॉलम चुकला आहे हे मान्य. सही नऊमध्ये पाहिजे होती, तारीख सहामध्ये पडली. तरी ती कॉलम ९ ची सही म्हणून ग्राह्य धरावी, आणि ४ जुलैच्या आत कळवावं, हो किंवा नाही. नाही असेल तर नाहीच कळवावं, 'बघतो' कळवू नये.

हस्ताक्षराची खात्री करायची असेल तर समितीने गावाला किंवा कुठल्या ऑफिसला लिहायची गरज नाही. आपल्याच बैठकीच्या खोलीतल्या एसीचं झाकण काढावं. आतल्या बाजूला त्यांची तारीख आहे. दोन्ही शेजारी धरून बघावं. झाकणाची खालची दोन लॉक दाबून मग वर उचलायचं, ओढायचं नाही, तुटेल.

जमत नसेल तर फोन करावा. दिवसा, आपण ऑफिसात असताना. मी आत येऊन उघडून देईन. अब्बा दारात उभे राहतील.

एवढ्या सगळ्यात जितकं नम्र राहता आलं तितकी नम्र,

मेहविश हुसैनमियाँ उंड्रे
वादी अदाई, मस्कत
दिनांक: १९ जून २०२५

सोबत जोडले आहे:
१) दहावीची मार्कशीट, झेरॉक्स.
२) पॉलिटेक्निकचं जागा मिळाल्याचं पत्र. त्यावर चहाचा डाग आहे, तो झैनचा आहे.
३) समितीचा मूळ फॉर्म. झेरॉक्स जोडलेली नाही, झेरॉक्समध्ये मार्कर मागच्या पानावर उमटलेला दिसत नाही.